ला रोक-गाझाक: कड्याखालचं, दोर्दोन्य नदीकाठचं गाव

नदीवेडी

फ्रान्सला निघालेल्या आपल्याकडच्या मंडळींच्या कार्यक्रमात पॅरिस असतं, स्वित्झर्लंडला जाता जाता आल्प्समधलं एखादं गाव असतं, आणि फार तर लुआर खोऱ्यातले राजवाडे असतात. नैर्ऋत्येची दोर्दोन्य नदी क्वचितच कोणाच्या यादीत दिसते. ती दिसावी म्हणून हा धागा काढते आहे. सगळं खोरं एका धाग्यात मावणार नाही, म्हणून एकच गाव धरते: ला रोक-गाझाक. बाकीचं प्रतिसादांत येईलच.

दोर्दोन्य मध्य फ्रान्समधल्या प्युई द सांसी या जुन्या ज्वालामुखीच्या डोंगरावर उगम पावते आणि ४८३ किलोमीटर वाहत येऊन बोर्दोच्या खाली गारोन नदीला मिळते. मधल्या टप्प्यात, पेरिगोर प्रांतात, ती चुनखडीचे पिवळसर कडे कापत नागमोडी जाते. अशाच एका वळणावर, उत्तर काठाला, हे गाव आहे. आधी नदी, मग एक रस्ता, मग घरांची रांग, आणि लगेच सरळसोट कडा. जागाच एवढी अरुंद की गाव आडवं वाढलं आणि मग वर चढलं. वरच्या गल्ल्यांतल्या काही घरांना मागची भिंतच नाही, कड्याचा दगड हीच भिंत. छपरांवर कौलांच्या जागी चपटे दगड रचलेले दिसतात, त्यांना तिथे लोझ म्हणतात. अशा छपराच्या एका चौरस मीटरचं वजन अर्ध्या टनाच्या पुढे जातं, त्यामुळे खालचे वासे आणि भिंती किती भक्कम असतील याचा अंदाज करा.

कड्याचं तोंड दक्षिणेला आहे. दिवसभर दगड तापतो आणि उत्तरेचा वारा अडतो. म्हणून चर्चकडे चढणाऱ्या वाटेवर केळी, ताड, बांबू, निवडुंग असं सगळं उघड्यावर वाढलेलं आहे. फ्रान्सच्या आतल्या भागात, समुद्रापासून इतक्या लांब, केळीचं पान वाऱ्यावर फाटलेलं बघून मी थांबलेच.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. बहुतेक लोक इथे गाडी लावतात, रस्त्यावरून फोटो काढतात, आइस्क्रीम खातात आणि तासाभरात पुढे जातात. असं केलं तर गाव कळत नाही, कारण गावाचं तोंड रस्त्याकडे नाहीच, नदीकडे आहे. हे बंदर होतं. गाबार नावाच्या सपाट तळाच्या लाकडी होड्या इथे लागत. वरच्या डोंगराळ भागातून ओक आणि चेस्टनटचं लाकूड यायचं: दारूच्या पिंपांसाठी फळ्या, द्राक्षवेलींसाठी खुंट. ते खाली बेर्जराक, लिबुर्नला जायचं, आणि खालून मीठ वर यायचं. अगदी वरच्या खोऱ्यातून येणाऱ्या होड्या एकाच प्रवासापुरत्या बांधलेल्या असत. खाली पोचलं की माल विकायचा, होडीही मोडून लाकूड म्हणून विकायची, आणि नावाड्यांनी चालत घरी परतायचं. प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या होड्या काठावरून दोरखंडाने ओढाव्या लागत, कधी माणसांनी, कधी बैलांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली आणि हा सगळा व्यवहार बसला.

आज त्याच आकाराच्या होड्यांतून तासाभराची फेरी मिळते, साधारण एप्रिलपासून शरद ऋतूपर्यंत. ती पर्यटकांसाठीच आहे हे मान्य, पण चुकवू नका. पाण्यावरून बघितलं की घरं एकावर एक का आहेत, धक्का कुठे होता, श्रीमंत व्यापारी कुठे राहत असतील, हे सगळं एका नजरेत उलगडतं.

दोन इमारतींबद्दल थोडं. गावाच्या पश्चिम टोकाला मालार्त्री नावाचा किल्लेवजा वाडा आहे. सगळ्यात जास्त फोटो त्याचे निघतात, आणि तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे! जुन्या शैलीत बांधला, एवढंच. खरा जुना वाडा गल्लीत आत आहे, गोल बुरूज असलेला, तार्द घराण्याचा. याच घराण्यातला झाँ तार्द हा पाद्री. इतिहासकार, नकाशे काढणारा आणि आकाश बघणारा. १६१४ मध्ये तो इटलीत गॅलिलिओला भेटला, दुर्बिणीबद्दल शिकला, आणि परत येऊन सूर्यावरच्या डागांची निरीक्षणं करत बसला. हे डाग म्हणजे सूर्याभोवती फिरणारे छोटे ग्रह आहेत असं त्याचं मत झालं. १६२० मध्ये त्याने त्यावर पुस्तक काढलं आणि त्या 'ग्रहांना' फ्रान्सच्या बूर्बाँ राजघराण्याचं नाव दिलं. निष्कर्ष चुकला, पण दुर्बीण नवी असताना या खोऱ्यातला एक धर्मगुरू रोज सूर्याची नोंद ठेवत होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आणि हा कडा नुसता देखावा नाही. १९५७ च्या जानेवारीत त्याचा मोठा भाग कोसळला, घरं चिरडली गेली आणि तीन माणसं गेली. लोकांनी पुन्हा तिथेच घरं उभी केली. आज वस्ती चारशेच्या आसपास आहे.

कोणी गेलं असेल किंवा जाणार असेल तर लिहा.

---

सह्यभटक्या

उत्तम! होड्या विकून चालत परतणारे नावाडी डोळ्यांसमोर उभे राहिले. फोटोंत कड्याच्या मध्यावर भिंती आणि खिडक्या दिसतात, तो किल्ला आहे का? वर जाता येतं?

नदीवेडी

हो, तो कड्यातला गढीवजा किल्ला. बाराव्या शतकापासूनचा. कड्यात नैसर्गिक कपार आहे, तिला पुढून भिंत घालून बंद केलं आणि आत संरक्षणाची जागा केली. खालून शिडी लावल्याशिवाय वर येणं अशक्य, आणि डोक्यावर दगडाचं छत असल्याने वरून मारा नाही. २०१० मध्ये पुन्हा दरड पडली तेव्हा तो बरीच वर्षं बंद ठेवला होता. जाण्याआधी उघडा आहे का ते गावच्या पर्यटन कार्यालयाच्या पानावर बघून घ्या. बंद असला तरी चर्चपाशी चढून जाच, तिथून नदीचं वळण सुंदर दिसतं.

सह्यभटक्या

धन्यवाद. कपारीला भिंत घालून गढी करायची म्हणजे शिबंदीला पाणी कुठून, हा माझा पुढचा प्रश्न होता, पण नदी पायाशी असल्यावर वेढा घालणाऱ्यालाच जास्त त्रास.

तुलूजकर

आम्ही तुलूजला राहतो. इथे विमानांच्या कारखान्यांमुळे आपली बरीच माणसं आहेत, आणि लांब सुट्टी आली की निम्मे जण दोर्दोन्यला जातात. गाडीने अडीच तास धरा.

लेख आवडला, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. ला रोक-गाझाकमध्येच मुक्काम करण्याचा आग्रह धरू नका. (तुम्ही तसं थेट म्हटलेलं नाही, पण वाचणारे तसा अर्थ घेतील.) जुलै-ऑगस्टमध्ये खोल्या कमी, भाव चढे, आणि गावातून जाणारा रस्ता हाच मुख्य रस्ता असल्याने दुपारभर गाड्यांची रांग. आम्ही नेहमी सार्लात राहतो. दहा-बारा किलोमीटरवर आहे, भरपूर सोयी आहेत, आणि सार्ला स्वतःच बघण्यासारखं आहे. १९६२ मध्ये जुनी शहरं वाचवण्यासाठी सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या पुढाकाराने कायदा झाला. त्याआधी एखादी इमारत वाचवायची, आता आख्खी वस्ती वाचवायची असा विचार आला. त्या कायद्याखाली ज्या गावांचं काम सर्वात आधी झालं त्यांत सार्ला होतं. बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो. शनिवारचा मोठा.

तिथलं एक जुनं चर्च पडीक होतं. प्रसिद्ध वास्तुरचनाकार झाँ नुव्हेल यांनी त्याचं बंदिस्त मंडईत रूपांतर केलं, आणि त्याला इतके उंच धातूचे दरवाजे लावले की खाली उभा असलेला माणूस खेळण्यातला वाटतो. नुव्हेल यांचं लहानपण सार्लातच गेलं.

नदीवेडी

तुलूजकर, सार्लाबद्दल पूर्ण सहमत. मुक्कामाबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे, निदान मे किंवा सप्टेंबरसाठी तरी. सकाळी बस यायच्या आधी आणि संध्याकाळी त्या गेल्यावर हे गाव वेगळंच असतं. सूर्य कलला की सगळा कडा सोनेरी होतो आणि त्याचं प्रतिबिंब संथ पाण्यात पडतं. ते बघायला सार्लाहून रात्री परत कोण येणार?

तुलूजकर

मे-सप्टेंबरला मान्य :)

अनुजा_पुणे

आम्ही पुढच्या मे महिन्यात जातो आहोत. सासूबाई आणि सासरे बरोबर आहेत, दोघेही शाकाहारी, अंडं चालतं. त्या भागात बदक आणि हंस सोडून काही मिळत नाही असं ऐकलं. खरं आहे का? ब्रेड-चीजवर दिवस काढायची तयारी आहे, पण वयस्कर माणसांना रोज कसं चालेल?

मीठभाकर

अनुजाताई, बदक आणि हंस सगळीकडे आहेत हे खरं, पण उपाशी राहायची वेळ येणार नाही.

सगळ्यात आधी एक सावधगिरी. 'पोम सार्लादेझ' नावाचा पदार्थ जवळपास प्रत्येक पाटीवर दिसेल. बटाट्याच्या काचऱ्या, लसूण आणि पार्सली, दिसायला अगदी आपल्या घरच्या काचऱ्यांसारख्या. शाकाहारी माणूस बघताक्षणी मागवतो. त्या बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परततात! मागवण्याआधी विचाराच. सूपही हाडांच्या पाण्याचं असू शकतं.

आता काय खावं. पेरिगोर हा अक्रोडाचा मुलूख आहे. इथल्या अक्रोडांना भौगोलिक मानांकन आहे, आणि अक्रोडाचं तेल जुन्या घाण्यांवर काढतात. काही घाण्यांवर बघायला जाता येतं, भाजलेल्या अक्रोडाचा वास लांबूनच येतो. काबेकू नावाचं बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज असतं, ते गरम करून पावावर ठेवतात, खाली हिरवा पाला, वर अक्रोड आणि अक्रोडाचं तेल. हे एक ताट बहुतेक ठिकाणी मिळतं आणि पोट भरतं. आमलेट सगळीकडे. मे महिन्यात पेरिगोरच्या स्ट्रॉबेऱ्या बाजारात असतात, सासूबाईंना नक्की आवडतील. अक्रोडाचा केकही.

आणि खरं सांगू का, स्वयंपाकघर असलेलं घरच भाड्याने घ्या. सार्लाच्या बाजारातून भाजी आणा, सोबत मसाल्याचा डबा न्या. दिवसातून एकदा वरण-भात पोटात गेला की ज्येष्ठ मंडळी दिवसभर आनंदाने फिरतात.

अनुजा_पुणे

काचऱ्यांबद्दल सांगितलंत ते फारच बरं झालं, सासरे नक्की मागवणार होते! घर भाड्याने घेण्याचा विचार पक्का.

विश्वासकाका

धाग्याच्या निमित्ताने थोडा इतिहास. ला रोक-गाझाकपासून नदीच्या खालच्या अंगाला लागूनच दोन किल्ले आहेत. उत्तर काठावर बेनाक, दक्षिण काठावर कास्तेलनो. दोघे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. इंग्लंड आणि फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रान्सच्या राजाच्या बाजूचा आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या ताब्यात. म्हणजे ही नदीच सरहद्द. मधल्या गावांनी कर कोणाला द्यायचा, गुरं कोणापासून लपवायची, हा रोजचा प्रश्न असणार.

त्या आधीचा इतिहासही तितकाच रक्तरंजित आहे. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याने बेनाक घेऊन आपल्या मेर्कादिए नावाच्या सरदाराला दिला होता. १२१४ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या धर्मयुद्धाचा सेनापती सिमाँ द माँफोर याने दोन्ही किल्ले घेतले. आणि १४५३ मध्ये ज्या लढाईने शंभर वर्षांचं युद्ध संपलं, ती कास्तियाँची लढाईही याच दोर्दोन्यच्या काठी, बोर्दोच्या बाजूला झाली.

वेळ एकाच किल्ल्यासाठी असेल तर मी बेनाक सांगेन. दगडी दालनं, जवळपास रिकामी, फार सजवलेली नाहीत. दीडशे मीटर उंच कड्याच्या टोकावरून खाली नदी. मुलं बरोबर असतील तर कास्तेलनो. तिथे मध्ययुगीन युद्धसाहित्याचं संग्रहालय आहे आणि अंगणात दगडफेकी यंत्रांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. वजन खाली पडतं, लांब दांडा वर जातो आणि टोकाची गोफण सुटते, हे तत्त्व मुलांना पाच मिनिटांत कळतं.

तुलूजकर

काका, बेनाकची एक अलीकडची लढाईही आहे. गावातून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावरची कोंडी सोडवायला बाह्यवळण रस्ता मंजूर झाला, त्यासाठी नदीवर पूल बांधायला घेतले. विरोधकांनी कोर्ट गाठलं. २०१८ च्या अखेरीस देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने काम थांबवलं, आणि २०१९ मध्ये परवानगी रद्द होऊन बांधलेलं पाडून टाकण्याचा आदेश झाला. तोवर खांब पाण्यात उभे राहिले होते. या प्रकरणात गावकऱ्यांमध्येही दोन तट आहेत. ज्याला उन्हाळाभर दारासमोर ट्रक आणि बस सोसाव्या लागतात त्याला रस्ता हवा होता, हे मी समजू शकतो. पण पाच किल्ले एकाच नजरेत येणारं ते वळण पुलांनी कापलं असतं तर ते पुन्हा जोडता आलं नसतं.

विश्वासकाका

ही माहिती नवीन. वारसा जपायचा म्हणजे कोणीतरी रोजची गैरसोय सोसायची, हे आपल्याकडच्या जुन्या पेठांतही बघतो. सोसणाऱ्याला त्याचा मोबदला मिळायला हवा असं माझं मत.

गोदातीर

लास्कोच्या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? त्याच भागात आहे ना? पण तिथे खरी गुहा दाखवत नाहीत, प्रतिकृती दाखवतात म्हणे. इतक्या लांब जाऊन नक्कल बघायची हे मनाला पटत नाही.

नदीवेडी

गोदातीर, मलाही जाण्याआधी हीच शंका होती. लास्को शेजारच्या वेझेर नदीच्या खोऱ्यात आहे, सार्लापासून अर्ध्या-पाऊण तासावर. १९४० च्या सप्टेंबरमध्ये गावातल्या चार मुलांना ती गुहा सापडली. युद्धानंतर लोकांसाठी उघडली, रोज शेकडोंनी माणसं येऊ लागली. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओलावा, दिव्यांची उष्णता यांनी भिंतींवर हिरवं शेवाळ चढायला लागलं. हजारो वर्षं बंद अंधारात टिकलेली चित्रं वीस वर्षांत बिघडू लागली. शेवटी १९६३ मध्ये मालरोंनी गुहा बंद केली. पहिली प्रतिकृती १९८३ ची, त्यात गुहेचा काहीच भाग होता. २०१६ मध्ये उघडलेल्या नव्या केंद्रात जवळजवळ सगळी गुहा उभी केली आहे. तापमान गार, उजेड मंद, पाच मीटरांहून लांब बैल डोक्यावरून जातो. मी तिथे नक्कल बघते आहे हे काही मिनिटांत विसरले.

आणि अजिंठ्याच्या रंगीत लेण्यांत कुबट हवेत गर्दी उभी असलेली ज्याने बघितली आहे, त्याला लास्को बंद करण्यामागची कळकळ वेगळी सांगायला नको. अजिंठ्याच्या पायथ्याशीही काही लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या आहेत, पण तिथे किती जण थांबले?

गोदातीर

मुद्दा पटला. तरीही खरं बघायचंच असेल तर?

तुलूजकर

तर फाँ-द-गोम, लेझेझी गावाजवळ. अनेक रंगांत काढलेली अस्सल चित्रं जिथे अजून लोकांना दाखवतात अशा अगदी मोजक्या गुहांपैकी ती एक. छोटे गट, सोबत मार्गदर्शक, तिकिटं कमी. तारीख ठरली की लगेच आरक्षण करा. चित्रकाराने दगडाचा नैसर्गिक फुगवटा गव्याच्या खांद्यासाठी वापरला आहे. मार्गदर्शक दिवा हळूच बाजूला नेतो आणि तो गवा हलल्यासारखा वाटतो. दुसरी रुफिन्याक, तिथे छोट्या विजेच्या गाडीतून आत नेतात आणि भिंतींवर मॅमथ आहेत. चालवत नाही अशांना ती सोयीची.

रेवा_न

ले मिलांदचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते. कास्तेलनोच्या थोडं पुढे, नदीच्या वर, १४८९ चा वाडा आहे. जोसेफिन बेकर तिथे राहत होत्या. अमेरिकेतल्या गरीब कृष्णवर्णीय घरातली मुलगी पॅरिसला येऊन रंगभूमीवर गाजली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी फ्रान्सच्या प्रतिकार चळवळीसाठी हेरगिरी केली. वाडा आधी भाड्याने घेतला होता, १९४७ मध्ये विकत घेतला. तिथे वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या धर्मांची बारा मुलं दत्तक घेऊन वाढवली. सगळी माणसं एका घरात गुण्यागोविंदाने राहू शकतात हे जगाला दाखवायचं होतं. कर्ज वाढत गेलं, वाड्याचा लिलाव झाला, आणि १९६९ मध्ये त्यांना जबरदस्तीने बाहेर काढलं. त्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून राहिल्या होत्या, तो फोटो आत लावलेला आहे. २०२१ मध्ये फ्रान्सने त्यांना पाँतेआँ या पॅरिसमधल्या थोर व्यक्तींच्या राष्ट्रीय स्मारकात स्थान दिलं, हा मान मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

किल्ल्यांच्या लढाया ऐकून झाल्यावर इथे या. मला या सगळ्या खोऱ्यात सर्वांत जास्त काही मिळालं ते या घरात.

नदीवेडी

रेवा, मनापासून आभार. हे मूळ लेखात यायलाच हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

सह्यभटक्या

होडीऐवजी स्वतः वल्हवत जायचं असेल तर कुठून निघावं? पोहता येत नाही अशी दोन माणसं गटात आहेत.

तुलूजकर

दोमच्या खाली सेनाक आहे, तिथून कयाक भाड्याने घ्या आणि बेनाकला उतरा. साधारण नऊ किलोमीटर, आरामात दोन-अडीच तास. वाटेत ला रोक-गाझाक आणि कास्तेलनो दोन्ही लागतात. शेवटाला कंपनीची गाडी परत आणून सोडते. उन्हाळ्यात पाणी संथ, बऱ्याच ठिकाणी उथळ, आणि जीवरक्षक जाकीट देतातच. पाऊस होऊन गेला असेल तर मात्र प्रवाह जोरात असतो, तेव्हा पोहता न येणाऱ्यांना गाबारमध्येच बसवा. दोमला वर जाऊन याच. १२८१ मध्ये वसवलेलं तटबंदीचं गाव आहे, त्याच्या एका वेशीच्या बुरुजात टेंपलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांना कैदेत ठेवलं होतं, भिंतींवर त्यांनी कोरलेल्या आकृत्या आहेत.

अनुजा_पुणे

शेवटचं विचारते. गाडी चालवायची नसेल तर हे जमेल का? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. कुठे चढ आहे, कुठे नाही?

नदीवेडी

पॅरिसहून वेगवान रेल्वेने बोर्दो, दोन तासांच्या थोडं वर, आणि तिथून साध्या गाडीने सार्ला, आणखी अडीच-तीन तास. ही दुसरी गाडी द्राक्षमळ्यांतून आणि नदीला ओलांडत जाते, कंटाळा येत नाही. सार्लाहून पुढे मात्र बस इतक्या कमी की त्यांच्या भरवशावर कार्यक्रम आखू नका. चार जण आहात, तर दोन दिवसांसाठी चालकासह गाडी ठरवा.

गुडघ्यांचं असं: ला रोक-गाझाकचा नदीकाठ सपाट, गाबारमध्ये चढणं सोपं, वरच्या गल्ल्या टाळल्या तरी चालेल. बेनाकला गावातून किल्ल्यापर्यंतचा चढ अवघड आहे, पण गाडी मागच्या बाजूने थेट वर जाते, चालकाला तसं सांगा. आतले जिने उंच आहेत. लास्कोचं केंद्र सपाट आणि सोयीचं. मार्केसाकची बाग घ्याच, दीड लाख बॉक्सवुडची झुडपं गोलाकार कापलेली आहेत, आणि तिथल्या टोकावरून ला रोक-गाझाक पूर्ण दिसतं. टोकापर्यंत चालणं बरंच आहे, पण चालवत नसलेल्यांसाठी बागेत छोटी गाडी असते. तिकीट काढतानाच विचारा.